दोन थेंबांची फारकत: बालाघाटातली तीन दिवसांची सहल

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर, पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडतात. एक जरासा दक्षिणेकडे कलतो. सौताड्याच्या कड्यावरून विंचरणा नदीबरोबर खाली झेपावतो, जामखेडकडून सीनेच्या खोऱ्यात उतरतो, पुढे भीमेत आणि भीमेतून कृष्णेत जातो. दुसरा पूर्वेला वळतो आणि मांजरेच्या पाण्यात मिसळतो. मांजरा धाराशिव, लातूर, बिदर करत तेलंगणात शिरते, तिथं उत्तरेकडे मोठं वळण घेते आणि ७२४ किलोमीटर चालून कंदकुर्तीजवळ गोदावरीला भेटते. पहिला थेंब कृष्णेच्या मुखाशी समुद्राला मिळतो, दुसरा गोदावरीच्या. दोन्ही मुखं आंध्रच्याच किनाऱ्यावर, एकमेकांच्या शेजारी. दोन्ही त्रिभुज प्रदेशांच्या मधे कोल्लेरूचं सरोवर पसरलेलं. वीतभर अंतरावर पडलेलं पाणी जवळजवळ अख्खा दख्खन ओलांडून पुन्हा शेजारी येतं, पण मधल्या वाटेत त्याची गाठ पडत नाही.

ज्या जिल्ह्याचं नाव घेतलं की दुष्काळच आठवतो, तिथं ही फारकत होते. ती डोळ्यांनी पाहता येते आणि तीन दिवसांत पाहून होते. त्या तीन दिवसांची ही आखणी आहे. त्याबरोबरच एका प्रश्नाचं उत्तरही शोधायचं आहे: इतक्या देखण्या दऱ्या, इतके धबधबे, इतक्या नद्यांची उगमस्थानं असूनही इथं निसर्गानं घडवलेलं मोठं सरोवर एकही का नाही?

बर्फाचं काम आणि पाण्याचं काम

या प्रश्नाचं उत्तर समजायला क्षणभर दूर जाऊ. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर क्वीन्सटाउनहून निघून ते आनाऊ मार्गे मिलफर्ड साउंडला जाणारा रस्ता हा जगातल्या गाजलेल्या निसर्गरम्य रस्त्यांपैकी एक. सुरुवातीला वाकाटिपू सरोवर लागतं, शेवटी मिलफर्डचा फियॉर्ड. समुद्राचं पाणी डोंगरांच्या आत पंधराएक किलोमीटर शिरलेलं, आणि त्या पाण्यातून थेट उभी राहिलेली शिखरं. हे सारं बर्फानं कोरलं. हिमयुगात शेकडो मीटर जाडीच्या हिमनद्या दऱ्यांतून सरकत होत्या. त्यांच्या बुडाशी अडकलेले दगड खालचा खडक खरवडत होते. सुमारे पंधरा-वीस हजार वर्षांपूर्वी बर्फ ओसरू लागला, समुद्राची पातळी वाढली आणि किनाऱ्यालगतच्या दऱ्यांत समुद्र शिरला. तेच फियॉर्ड. आतल्या दऱ्यांत गोडं पाणी साचलं. ती सरोवरं.

वाकाटिपूचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच आहे, पण त्याची खोली त्याहून जास्त, म्हणजे सरोवराचा तळ समुद्राच्या पातळीच्याही खाली गेलेला आहे. नॉर्वेतला सोग्ने फियॉर्ड तर १,३०० मीटर खोल आहे. एखाद्या नदीला असं काम जन्मात जमणार नाही. नदी जिथं जाऊन मिळते त्या पातळीच्या फारशी खाली तिला खणता येत नाही, कारण तिथं तिचा उतार संपतो आणि उतार संपला की तिचं बळही संपतं. बर्फाला हे बंधन नाही. मागून रेटा असेल तर हिमनदी आपल्या तळाचा चढसुद्धा चढते. म्हणून ती वाटेत खड्डा खणते, पुढं उंबरठा ठेवते आणि निघून जाते.

थोडक्यात, बर्फ मागं खोलगटं ठेवतो आणि पाणी मागं उतार ठेवतं. बर्फाच्या प्रदेशात दरीबरोबर सरोवर आपोआप मिळतं. पाण्यानं कोरलेल्या प्रदेशात दरी मिळते, धबधबा मिळतो, पण पाणी थांबत नाही. बीडच्या भूगोलाची किल्ली या एका फरकात आहे.

महाराष्ट्रानं बर्फ पाहिलाच नाही असंही नाही. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. चंद्रपूर जिल्ह्यात इरई नदीच्या परिसरात खडकावर हिमनदीनं ओढलेले ओरखडे आजही दिसतात. पण बीडमध्ये त्या काळाचं काही दिसत नाही, कारण त्यावर नंतर लाव्हा पसरला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा, पुन्हा तिसरा. गोधड्यांची चळत रचावी तसे हे थर एकावर एक बसले आणि दख्खनचं पठार तयार झालं. त्या चळतीत पाण्यानं जे कोरलं ते बालाघाट.

केव्हा निघायचं

मिलफर्डला वर्षाला सहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. बीडला साधारण सहाशे ते साडेसहाशे. म्हणजे तिथला जवळजवळ दहावा हिस्सा. सह्याद्री ढगांना आधीच पिळून घेतो आणि उरलेलं घेऊन ते मराठवाड्यात येतात. त्यामुळे इथली सहल पंचांग बघून ठरवता येत नाही, पाऊस बघून ठरवावी लागते. जून-जुलैचा पाऊस बहुतेक तापलेली जमीनच पिऊन टाकते. खरा भरवसा सप्टेंबरचा. परतीचा पाऊस बरा झाला की धबधबे धरतात, तळी भरतात आणि माळ हिरवे होतात. सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. निघण्याआधी पाटोदा किंवा मांजरसुंब्याकडच्या ओळखीच्या माणसाला एक फोन करावा: नदी वाहतेय का? ‘वाहतेय’ असं उत्तर आलं की त्याच आठवड्यात निघावं.

याच दिवसांत बालाघाटाचं सीताफळ पिकतं. खडकाळ, उतरत्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हे झाड निगुतीशिवाय वाढतं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याकडेला पाट्या घेऊन बसलेल्या बाया दिसल्या की गाडी थांबवावी. डोळे उघडलेलं, हाताला मऊ लागणारं फळ लगेच खायचं, कडक असेल ते घरी न्यायचं.

पहिला दिवस: बीड आणि घाटाचा पायथा

सुरुवात बीड शहराजवळच्या खजाना विहिरीपासून करावी. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधवली आणि राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं ती रचली. वरून पाहिलं तर गोल, रुंद, दगडानं बांधलेली विहीर. तिचं वैशिष्ट्य तळाशी आहे. जमिनीखालच्या भुयारी वाटांनी तिच्यात पाणी येतं आणि तशाच वाटेनं बाहेर पडून शेतांकडं जातं. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. फक्त उतार. दुष्काळातही ती आटत नाही अशी तिची ख्याती आहे.

हे जमतं कसं? बालाघाटाचा काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पण लाव्हाच्या प्रत्येक थराचा वरचा भाग थिजताना वायूंच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो, आणि थराथरांच्या मधे, भेगांमध्ये, मुरमात पाणी शिरतं. पठारावर पडलेल्या पावसाचा थोडासा वाटा असा आतून झिरपत पायथ्याकडं येतो. ज्यानं ही विहीर आखली त्यानं जमिनीखालचा उतार ओळखला होता. वरच्या जमिनीवर जे सगळ्यांना दिसतं ते त्यानं खालच्या, न दिसणाऱ्या जमिनीत वाचलं.

शहराच्या पूर्व भागात कंकालेश्वराचं मंदिर आहे. काळ्या दगडातलं, कोनाकोनांनी वळत जाणाऱ्या भिंतींचं, आणि चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेलं. पाणी दुर्मीळ असलेल्या मुलखात मंदिराभोवती पाणी साठवायचं ठरवणाऱ्यांनी श्रद्धा आणि साठवण एकाच जागी बांधली.

तिथून सोलापूरच्या दिशेनं निघालं की पालीजवळ बिंदुसरा धरण लागतं. हे १९५० च्या दशकातलं. बिंदुसरा ही बीड शहराच्या मधून वाहणारी नदी. उन्हाळ्यात तिचं पात्र कोरडं पडतं. पण १९८९ च्या पावसाळ्यात याच नदीच्या पुरानं शहराची दाणादाण उडवली होती. पठारावर पडलेलं पाणी थांबवायला वर काही नसलं की ते असं एकदम खाली येतं. दुष्काळ आणि पूर ही इथं एकाच उताराची दोन रूपं आहेत.

पुढं घाट चढून मांजरसुंबा गाठायचं. बीडपासून वीसएक किलोमीटर. घाट चढताना डाव्या-उजव्या बाजूला रस्त्यासाठी कापलेल्या डोंगराच्या भिंती बघा. काळा घट्ट थर, त्यावर भुसभुशीत करडा-तपकिरी थर, पुन्हा काळा. कुठं मधेच विटकरी रंगाचा पट्टा. तो पट्टा म्हणजे दोन उद्रेकांच्या मधली उसंत. तेवढ्या काळात लाव्हाचा वरचा भाग हवा-पावसानं कुजून माती झाला आणि पुढच्या लाव्हानं त्या मातीला भाजून काढलं. गाडीतून काही सेकंदांत ओलांडलेला तो लाल पट्टा बनायला किती पावसाळे लागले असतील, याचा विचार करायला तरी एकदा उतरून जवळून पाहावं.

मांजरसुंब्याजवळच कपिलधार आहे. ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या मन्मथस्वामींची संजीवन समाधी इथं आहे आणि कार्तिक पौर्णिमेला इथं वीरशैव भाविकांची मोठी यात्रा भरते. दरीच्या कुशीत देऊळ आणि बाजूला कड्यावरून पडणारी धार. सूर्य कलला की दरीत सावली लवकर उतरते, म्हणून दुपारी तीनच्या आत पोहोचावं.

दुसरा दिवस: माथा आणि सौताडा

मांजरसुंब्याहून पाटोद्याचा रस्ता धरायचा. या पट्ट्यात नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ साली जाहीर झालेलं, जवळपास तीस चौरस किलोमीटरचं. सकाळी लवकर निघालात तर रस्त्यावरूनही मोरांची हाक ऐकू येते.

आता आपण पठाराच्या माथ्यावर आहोत. मांजरा समुद्रसपाटीपासून सुमारे ८२३ मीटर उंचीवर याच मुलखात उगम पावते. सिंदफणाही पाटोदा तालुक्यातलीच. तिचा प्रवास मांजरेच्या मानानं अगदी छोटा. ती उत्तरेकडं उतरते, बिंदुसरेला पोटात घेते आणि जिल्ह्यातच मंजरथला गोदावरीला मिळते. म्हणजे गोदावरीला जाणारं पाणीसुद्धा दोन वाटांनी जातं. एक वाट जिल्ह्याच्या हद्दीत संपते, दुसरी तीन राज्यांतून फिरून येते. आणि विंचरणेचं पाणी तर गोदावरीला पाठ फिरवूनच निघतं.

ही पाणी वेगळं करणारी पाणलोटाची रेषा पाहायला गेलं तर तिथं काहीच नाही: सपाट माळ, बाजरी-तुरीची शेतं, एखादं बाभळीचं झाड. डोंगराची धारसुद्धा नाही. बांधाच्या अलीकडं पडलेलं पाणी एका महानदीचं, पलीकडचं दुसरीचं, आणि शेतकऱ्याला मात्र दोन्ही आपल्याच रानातलं.

सौताडा त्या रेषेच्या दक्षिणेला, पाटोदा-जामखेड रस्त्यावर. पुणे-अहिल्यानगरकडून येणारे जामखेडवरून घाट चढून आधी इथंच पोहोचतात. त्यांनी ही सहल उलट्या क्रमानं केली तरी चालेल. कड्याच्या काठापर्यंत सपाटच आहे. मग एकाएकी जमीन संपते आणि दरी उघडते. पायऱ्या उतरत रामेश्वराच्या देवळापाशी जायचं. समोर विंचरणा कड्यावरून खाली येत असते.

इथं घाई करू नये. पाणी जिथून सुटतं तो काठ आधी पाहा, मग नजर हळूहळू खाली आणा. काठाचा थर जाड आणि घट्ट आहे. अशा थरांत उभ्या भेगा असतात. लाव्हा थिजताना आकसला, त्या वेळच्या. घट्ट थराखाली मऊ, सच्छिद्र थर असला की खरी गंमत तिथं घडते. वरून पडणारं पाणी आणि त्याचे तुषार मऊ थराला आतून पोखरत जातात. कपार तयार होते. वरचा घट्ट थर छज्ज्यासारखा पुढं लोंबकळतो आणि एके दिवशी उभ्या भेगेवर तुटून खाली कोसळतो. धबधबा तेवढा मागं सरकतो. मग पुन्हा पोखरणं, पुन्हा कोसळणं. खाली पात्रात पडलेले खोलीएवढे धोंडे हे त्या छज्ज्याचेच तुकडे असतात. त्यातला एखादा जवळून न्याहाळला तर काळ्या दगडातल्या वाटाण्याएवढ्या पोकळ्यांत पांढरे, चमकणारे स्फटिक दिसतात. लाव्हातल्या बुडबुड्यांच्या जागी नंतर खनिजांनी धरलेलं हे घर.

याचा अर्थ असा की धबधब्याच्या खालची अरुंद दरी म्हणजे धबधब्यानं मागं टाकलेली वाट. तो पूर्वी दरीच्या खालच्या अंगाला होता आणि कातळ तोडत तोडत आजच्या जागी आला. तो अजूनही सरकतोच आहे, माथ्याच्या दिशेनं. पाणलोटाच्या दोन बाजूंपैकी जिचा उतार तीव्र, ती जास्त वेगानं झिजते आणि रेषेला दुसऱ्या बाजूकडं ढकलते. म्हणून माथ्यावरची ती अदृश्य रेषाही कायमची नाही. लाखो वर्षांच्या हिशेबात नद्या एकमेकींचं पाणी पळवतात. सौताड्याच्या काठावर उभं राहिलेला माणूस ही ओढाताण चालू असताना पाहत असतो, फक्त तिचा वेग त्याच्या आयुष्यात मावत नाही.

आणि याच कारणासाठी कपारीखाली उभं राहू नये. कडा ज्या नियमानं घडला त्याच नियमानं तो तुटतो. ओल्या शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही, आणि माथ्यावर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी वाढतं. पाण्याचा रंग गढूळ होऊ लागला की मुकाट्यानं वर यावं. मुलांना आधी ही सारी गोष्ट सांगावी. कारण कळलं की तीही ऐकतात.

तिसरा दिवस: अडवलेलं पाणी

तिसऱ्या दिवशी केजवरून पूर्वेकडं निघायचं. मांजरा इथून दक्षिणेच्या अंगानं, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहते. केज तालुक्यात धनेगावला तिच्यावर धरण आहे. लातूर शहराची तहान या पाण्यावर भागते. २०१६ च्या उन्हाळ्यात हे धरण कोरडं पडलं तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. काल पाहिलेल्या माथ्यावर जी उगम पावते त्या नदीवर एक अख्खं शहर विसंबलेलं आहे, हे इथं उभं राहिल्यावर नीट उमगतं.

अंबाजोगाईला दुपारचा मुक्काम. योगेश्वरीचं दर्शन, कातळात कोरलेलं हत्तीखाना लेणं आणि गावाबाहेर दरीच्या काठावर ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी. हत्तीखान्याचे खांब आणि हत्ती ज्या कातळातून निघाले तो लाव्हाचाच थर. माणसानं छिन्नीनं कोरलं आणि शेजारच्या दरीत पाण्यानं कोरलं, दगड एकच. सौताड्याला डोळे तयार झाल्यावर इथल्या भिंतीतही थर दिसू लागतात.

पुढं आडसवरून धारूर. सोळाव्या शतकातला किल्ला पठाराच्या टोकावर, दऱ्यांनी वेढलेला. जिथं निसर्गानं कडे तासून दिले तिथं माणसाला तटबंदी थोडीच बांधावी लागली. धारूरचा घाट उतरलं की पठार संपतं आणि तेलगावहून माजलगावचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख सुरू होतो. सिंदफणेवरचं माजलगाव धरण इथंच. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणीही त्यात येतं. गाळपेराच्या कडेनं, उथळ पाण्यात हिवाळ्याच्या तोंडावर पक्षी उतरू लागतात. शेवटी मंजरथ. सिंदफणा इथं गोदावरीत शिरते. माथ्यावरून निघालेल्या पाण्याची एक वाट आपण टोकापर्यंत पाहिली.

सरोवर का नाही

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. या तीन दिवसांत जेवढी तळी-जलाशय दिसले, कंकालेश्वराच्या भोवतालच्या पाण्यापासून माजलगावच्या धरणापर्यंत, ते सगळे माणसानं बांधलेले. हिमनदीनं इथं खोलगटं सोडली नाहीत. पाण्यानं फक्त उतार सोडले. त्यातून बालाघाट हा माथ्याचा प्रदेश. गोदावरी जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जाते ती सोडली तर इथं बाहेरून पाणी आणणारी मोठी नदी नाही. नद्या इथं येत नाहीत, इथून निघतात. आधीच कमी पाऊस, त्यात काळा पाषाण, त्यात उतार. पडलेला थेंब धरून ठेवणारं इथं मुळात काही नाही.

ऑक्टोबरात परतताना रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रकमधून भांडीकुंडी, पोरंबाळं घेऊन निघालेली कुटुंबं भेटतील. ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं. ती बहुतेक याच पठारावरची. माथ्यावरचं पाणी खालच्या मुलखाकडं जातं आणि त्याच्या मागोमाग माणसंही जातात. सौताड्याचं सौंदर्य आणि हे स्थलांतर यांचं मूळ एकाच भूगोलात आहे. एकाची छायाचित्रं काढून दुसऱ्याकडं पाठ फिरवली तर सहल अर्धीच राहते.

पण याच भूगोलात उपायही लिहिलेला आहे आणि तो इथल्या लोकांनी फार पूर्वीच वाचला होता. खजाना विहिरीच्या कर्त्याला ठाऊक होतं की उतार हाच शत्रू आणि उतार हाच मित्र. आज गावोगाव माथ्यावर खोदलेले समतल चर, ओढ्यांवरचे बंधारे, शेताचे बांध, शेततळी हे सगळं तेच काम आहे: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावायचं, चालणाऱ्याला थांबवायचं, थांबलेल्याला जमिनीत मुरवायचं. हिमनदीनं जी खोलगटं इथं सोडली नाहीत, ती माणसं टिकाव-फावड्यानं करतायत. जाता-येता असा एखादा भरलेला बंधारा दिसला तर तिथं थांबा. काठावरच्या शेतकऱ्याला विचारा, बंधारा किती साली झाला आणि त्याच्या विहिरीला त्यानंतर कोणत्या महिन्यापर्यंत पाणी राहतं. नद्या माथ्यावर पडलेल्या थेंबाला समुद्राकडं नेतात. हा शेतकरी त्याला कापणीपर्यंत कसं रोखून धरतो, हे या सहलीत शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं आहे.